बांबूच्या नळ्यांतली माती

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षे झाली. परसातल्या गिलक्याच्या वेलाला गेली दोन वर्षे फुले येतात, पण फळ धरत नाही. मुरार भागातल्या रोपवाटिकेतल्या माणसाने सांगितले की पोळे न बांधता एकेकट्या राहणाऱ्या आपल्याकडच्या माश्या हल्ली घरांकडे फिरकत नाहीत. त्यांना बोलवायचे तर तुळस आणि सब्जा फुलू द्यावा आणि बांबूच्या बारीक पोकळ नळ्यांची जुडी भिंतीला लावावी. मी वीस नळ्या एका मापाने कापल्या, कानशीने घासल्या, प्रत्येकीवर क्रमांक घातला. जुडी मात्र सामाईक भिंतीवर टांगावी लागली, कारण सकाळचे ऊन तिथेच येते. भिंतीपलीकडे तुझा धाकटा राहतो, हे मी लावतानाच लक्षात ठेवले होते.

दहाव्या दिवशी चार नळ्यांची तोंडे मातीने बंद झालेली दिसली. माती इतकी सफाईने थापलेली होती की हे माणसाचेच काम, असे मी ठरवले. तारेने चारही नळ्या कोरल्या. आतून पिवळी पूड निघाली, ती मला हळद वाटली, आणि हळद म्हणजे तर भिंतीपलीकडच्या त्याच्याच स्वयंपाकघरातली. तीन दिवसांनी आणखी दोन बंद. मग मी पडद्याआड उभा राहून त्याच्या दारावर नजर ठेवू लागलो.

मी असाच तुझ्या स्वयंपाकघरात उभा आहे, नऊ वर्षांचा. गुळांब्याच्या बरणीवर पेन्सिलीने रेघ ओढली आहे आणि गुळांबा रेघेच्या खाली गेला आहे. तू ओल्या फडक्याने ती रेघ पुसतेस आणि म्हणतेस, “मी खाल्ला. लिही माझं नाव. पण त्याच्या मागे असा फिरू नकोस, भाऊ आहे तुझा.” तेव्हाही मला वाटले होते की तू त्याला पाठीशी घालते आहेस.

या वेळी पुसायला कोणी नव्हते. मी त्याला सरळ विचारले. तो आधी हसला. “दादा, मला काय दुसरं काम नाही? तुझ्या नळ्यांत माती भरत बसू?” मी कोरलेली माती कागदावर घेऊन गेलो होतो, ती त्याच्यापुढे धरली. तेव्हा त्याचे हसू गेले. “पन्नाशी उलटली आपली, आणि तुझा शक काही जात नाही. आता आंगनात कॅमेराच लाव.” दर रविवारी नई सडकवरून डाळ भरलेल्या गरम बेडई पुऱ्या आणून तो माझ्या ओट्यावर बसत असे. त्यानंतरचे सहा रविवार तो आला नाही.

काल तोच कागद मी रोपवाटिकेत दाखवला. त्या माणसाने पूड बोटावर घेतली. “बाबूजी, ये पराग है। मक्खी अंडा देकर, बच्चे का खाना रखकर, मुँह मिट्टी से बंद करती है। आपने कुरेद दिया?” मी म्हणालो, एका नातेवाइकाने केले.

सर्वांना मी सांगेन की मला ठाऊक नव्हते. तुला तसे लिहवत नाही. धाकट्याकडे कागद घेऊन गेलो त्याच्या आदल्या सकाळी एक काळसर माशी तोंडात मातीची गोळी धरून सातव्या क्रमांकाच्या नळीत शिरताना मी पाहिली होती. मी पडदा ओढून घेतला.