बाळंतपणाची परमिशन

६ ऑक्टोबर, सन ८६
आजपासून रोज लिहायचं. प्रौढ शिक्षणाच्या बाईंनी शिकवलेली अक्षरं गंजू नयेत म्हणून. दुसऱ्या कुणी वाचायचं न्हाई.
कारखान्याच्या दवाखान्यात नवा डॉक्टर आला. आला तसा भिंतीला कागद चिकटवला. दवाखान्यात कुणी काय करायचं, ते म्हणे आता कमिटी ठरवणार. कौशल्या सिस्टर: इंजेक्शन, सलाईन, बाळंतपण. छबुबाई आया: झाडणं, पुसणं, पेशंटला संडासाचं भांडं देणं. म्हणजे मी. निम्म्या तालुक्याची पोरं ह्या हातांनी काढली, अन् आता भांडं द्यायचं.
चेअरमन मोहनरावांकडं गेले. त्यांचा धाकटा माझ्याच हातचा. ते म्हणले, मावशी, डॉक्टर म्हणतील तसं. म्हणजे आतून माझ्याच बाजूचे हायत. उघड बोलता येत न्हाई त्यांना.

७ ऑक्टोबर
डॉक्टरला सरळ विचारलं, मला परमिशन कावून न्हाई? तो म्हणला, माझ्यासमोर तीन बाळंतपणं नीट करून दाखवा, दिवाळीच्या मीटिंगला तुमचं नाव मांडतो. तीनच. मला हसूच आलं. दसऱ्याच्या आत उरकते.
निश्चय: डॉक्टरशी गोड बोलायचं. सिस्टरशी बोलायचंच न्हाई.
सिदू वॉचमनला ताकीद दिली, बाळंतपणाच्या खोलीत परमिशनबिगर कुणाला सोडायचं न्हाई, कितीबी जवळचं असलं तरी. वस्तीवरची मनकर्णा सुईण नातेवाईक म्हणून घुसती अन् नाव स्वतःचं करती. सिदू म्हणला, कुणालाच न्हाई? म्हणलं, कुणालाच.

११ ऑक्टोबर
ताप, खोकला, विंचू. पोटुशी एकबी न्हाई.
वस्तीवर जाऊन बघितलं तर घरांना कुलपं. म्हातारी माणसं अन् शेळ्या तेवढ्या उरल्यात. पाऊस न्हाई, म्हणून टोळ्या औंदा दसऱ्याआधीच ऊसतोडीला चालल्या. मुकादम शेवटचा ट्रक भरत होता. म्हणलं, दोन पोटुशा बाया मागं ठेव, माझं काम हाय. तो म्हणला, मावशी, कोयता म्हंजे नवरा-बायकोची जोडी. बायको मागं ठिवली तर अर्धा कोयता कोण घेतंय? तुमी बसता का तिच्या जागी?
ट्रकात रुक्मिणी होती, सातवा महिना. तिला म्हणलं, उतर. ती म्हणली, तुमीच चला की फडात, तिथं कुणाची परमिशन लागत न्हाई. सगळा ट्रक हसला. ह्या माणसांना शिस्तीची किंमतच न्हाई.

१७ ऑक्टोबर
केस आली. टँकरवाल्याची बायको. डॉक्टर म्हणला, ड्रमाच्या तोटीखाली कोपरापर्यंत हात धुवा, मी बास म्हणेपर्यंत. इथं टँकर चार दिवसांनी येतो, अन् हा म्हणतो तोटी सोडा. मी तांब्याभर पाणी घेतलं, त्यातच दोन्ही हात बुडवून स्वच्छ धुतले, उरलेलं ड्रमात परत ओतलं. थेंब सांडला न्हाई. डॉक्टर बघतच राहिला. एवढी काटकसर पाहिली नसंल त्यानं.
मग काय बिनसलं देव जाणे. मला भायेर काढलं. भरलेला ड्रम ओतून घासायला लावला. पोर सिस्टरनं घेतलं.
संध्याकाळी विचारलं, हे एक धरलं ना? तो दार ओढून आत गेला. मी धरलं.

२० ऑक्टोबर
काखेत कळसा अन् मी वस्त्या धुंडत बसले. सून अंजना घरातच हाय, नववा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून उद्या विहीण वच्छलाबाई पाटोद्याहून न्यायला येणार. येऊ दे.

२१ ऑक्टोबर
विहिणीला सांगितलं, दवाखाना इथं, डॉक्टर इथं, मी इथं. पाटोद्याला काय हाय? ती म्हणली, तिची आई हाय. मग पिशवी खाली ठेवून उंबऱ्यातच बसली. म्हणली, पोर न्हाई तर मीबी न्हाई जात. बसली तर बसली. चार भाकरी जास्त.
नवरा कधी बोलत न्हाई, आज बोलला. म्हणला, तुझ्या परमिशनसाठी पोरीला अडकवून ठिवलीस. म्हणलं, तिच्या भल्यासाठी. अंजना भिंतीकडं तोंड करून झोपली, जेवली न्हाई. उष्णता असंल.

२९ ऑक्टोबर
दुपारी अंजनाला कळा सुटल्या. दवाखान्यात नेली, विहीणबी मागं आली अन् दाराशी बसली. ह्या वेळी चूक न्हाई म्हणून खोलीबाहेरच्या ड्रमाची तोटी सोडली अन् कोपरापर्यंत हात धुवायला लागले. डॉक्टर बास म्हणेपर्यंत धुवायचे. डॉक्टर आत अंजनाजवळ होता. तो बास म्हणला न्हाई. मी धूत राहिले. लई नीट धुतले.
सिस्टर पाणी घ्यायला आली तवा ड्रम ठणठणीत. डॉक्टर दारात आला, ओल्या फरशीकडं बघितलं, एवढंच म्हणला, पाणी आणा.
कारखान्याच्या गेटावर पळाले. टँकरला रांग. बायांना म्हणलं, सरा, बाळंतपण हाय. त्या म्हणल्या, सगळ्यांच्याच घरी कायतरी हाय. भांडून दोन घागरी आणल्या. खिडकीतून अंजनाच्या हाका, आई, आई. म्हणलं, आले ग. दारात सिदू आडवा. म्हणला, परमिशन? म्हणलं, मुडद्या, सून हाय माझी. तो म्हणला, कितीबी जवळचं असलं तरी न्हाई, तुमीच सांगितलंय. घागरी आत घेतल्या, मला भायेर ठिवलं.
डॉक्टर आतून म्हणला, आईला येऊ द्या. मी पदर खोचला. मागनं विहीण उठली अन् आत गेली. मला अंजना आत्याबाई म्हणती. ते तवा ध्यानात न्हाई आलं.
नात झाली. पहिलं रडणं मी भिंतीला कान लावून ऐकलं.
सिस्टर नंतर म्हणली, वार अडकली होती, रक्त लई गेलं, थोडक्यात वाचली. म्हणलं, मी असते तर पोट दाबून काढली असती. ती म्हणली, म्हणून तर परमिशन न्हाई.
लिहून ठेवलं. झोप येत न्हाई.

१० नोव्हेंबर
अंजना बाळाला घेऊन पाटोद्याला गेली. एसटीत बसताना म्हणली, आत्याबाई, बारशाला या. परत कधी येशील ते मी विचारलं न्हाई. बाळाला मी अजून न्हाऊ घातलं न्हाई. विहिणीनंच घातलं रोज.

१२ नोव्हेंबर
कमिटीचा कागद लागला. डॉक्टरची सही, चेअरमनची सही, गोल शिक्का. माझं नाव हाय. छबुबाई: बाळंतपणाच्या खोलीत पाणी भरणे.
परमिशन मिळाली म्हणायची.
दोन घागरी घेऊन गेले. सिदूनं कागदावर बोट फिरवून माझं नाव शोधलं, मग दार उघडलं.
आत कुणीच नव्हतं. ड्रम भरला. भायेर आले.