हिरव्या गाडीविरुद्धच्या पाच तक्रारींबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी महोदया,
ग्रामपालिका कार्यालय, हिंटरमोस

अर्जदार : प्रेबेन थोरसागर, वय ६१, सेवानिवृत्त वाहन-परवाना परीक्षक (थिस्टेड, डेन्मार्क), सध्या राहणार मोसगासे ९, तळमजला, हिंटरमोस

विषय : ग्रामपोलिस श्री. उएली ग्वेर्डर यांच्यावर केलेला आरोप मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २२ फेब्रुवारी २०१९ चा अर्ज
२) आपल्या कार्यालयाचे दि. ४ मार्च २०१९ चे पत्र

महोदया,

१. संदर्भ क्र. १ च्या अर्जात अर्जदाराने असे लिहिले होते की, श्री. ग्वेर्डर हे अर्जदाराच्या गाडीविरुद्ध स्वतःच निनावी तक्रारी लिहितात आणि मग त्यांच्या चौकशीचे निमित्त करून गाडी पाहायला येतात. त्यावर आपण श्री. ग्वेर्डर यांना फिरतीच्या कामावरून काढून हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसविल्याचे, व २८ मार्च रोजी त्यांची चौकशी ठेवल्याचे कळविले आहे. तो आरोप खोटा आहे. तो कसा उद्भवला आणि खोटा कसा ठरला, हे अर्जदार क्रमाने सादर करीत आहे. अर्ज लांबल्याबद्दल क्षमा असावी. दोन ओळींत मागे घेतलेल्या आरोपावर अर्जदाराने स्वतः परीक्षक असताना कधी विश्वास ठेवला नसता.

२. अर्जदाराने सव्वीस वर्षे शिकाऊ चालकांच्या शेजारी बसून परीक्षा घेतल्या. माणूस आरशात खरोखर पाहतो आहे की पाहिल्यासारखे करतो आहे, हे ओळखणे हे त्याचे काम होते. सौ. वीबेके थोरसागर यांना येथील कर्णबधिर मुलांच्या शाळेत नोकरी मिळाल्याने अर्जदाराने मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली व गेल्या ऑगस्टमध्ये हे कुटुंब हिंटरमोसला आले. सामान ट्रकने आले. गाडी मात्र अर्जदाराने स्वतः चालवीत आणली. ही १९६६ सालची गडद हिरवी व्होल्वो अ‍ॅमेझॉन अर्जदारास डेन्मार्कातील हुरुप या गावी एका गोठ्यात गवताखाली सापडली होती. आत कोंबड्या अंडी घालत असत. ती उभी करण्यास नऊ वर्षे लागली. तिकडे दर गुरुवारी अर्जदाराच्या गॅरेजमध्ये सहा-सात माणसे जमत, कॉफी होई, आणि कोणाच्या ना कोणाच्या गाडीचे बॉनेट उघडे असे.

हिंटरमोसमध्ये पहिले दोन महिने गॅरेजच्या दारात कोणीही उभे राहिले नाही. लोक नमस्कार करून पुढे जात. अर्जदारास शाळेत शिकलेली जर्मन येते. येथे बोलतात ती बोली वेगळीच आहे.

३. दि. १४ ऑक्टोबर, रविवार. अर्जदाराने घरासमोर गाडी धुतली. मंगळवारी श्री. ग्वेर्डर समज देणारा कागद घेऊन आले : 'एका नागरिकाकडून कळल्यावरून'. रविवारी गाडी धुण्यास मनाई असल्याचे त्यांनी सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून सांगितले. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, "जोडकार्ब्युरेटर आहेत का हिला?" ते पन्नास मिनिटे थांबले. अर्जदाराने ही वेळ तेव्हाच वहीत लिहून ठेवली, कारण गाडी धुण्याच्या चौकशीस पन्नास मिनिटे लागू नयेत.

४. यापुढील तक्रारी अशा : १७ नोव्हेंबर, गॅरेजमध्ये इंजिन विनाकारण चालू ठेवणे. ८ डिसेंबर, सणाच्या दिवशी हातोडीचा आवाज. तो येथे सण आहे हे अर्जदारास ठाऊक नव्हते. १२ जानेवारी, गाडीखाली ऑइल गळणे. (ऑइल बदलताना अर्जदाराने जुनाच वॉशर पुन्हा वापरला होता. चूक अर्जदाराची, गाडीची नव्हे.) प्रत्येक तक्रारीचा टंकलिखित उतारा अर्जदारास मिळाला, मूळ कागद श्री. ग्वेर्डर यांच्याकडेच राहिले. प्रत्येक वेळी तेच आले, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त थांबले. जानेवारीत तर ऑइलचे चार थेंब पाहण्यासाठी ते कामाचे कपडे घालून आले व गाडीखाली आडवे झाले.

५. अर्जदाराचा संशय प्रथम वरच्या मजल्यावरील फ्राउ (म्हणजे श्रीमती) बेचार्ट यांच्यावर होता. अर्जदार बाहेर आला की त्यांचा पडदा हलत असे. दुसरा संशय इमारतीची देखभाल करणारे श्री. आबेग यांच्यावर, कारण ते गॅरेजसमोरची जागा गरजेपेक्षा अधिक वेळा झाडतात. खात्री करण्यासाठी अर्जदाराने फ्राउ बेचार्ट यांना जिन्यात सांगितले की मंगळवारी ५ फेब्रुवारीला इंजिन बराच वेळ चालू राहील. श्री. आबेग यांना गुरुवार, ७ फेब्रुवारी सांगितला. दोन्ही दिवशी अर्जदार गॅरेजमध्ये नुसता उभा होता. कुठलीच तक्रार आली नाही.

शुक्रवारी सूप पिताना अर्जदार सौ. थोरसागर यांना म्हणाला की, उद्या सकाळी टॅपेट सेट करतो, इंजिन गरम करावे लागेल. दुसऱ्या कोणाला सांगितले नाही. शनिवारी बर्फ पडत होते. फ्राउ बेचार्ट बहिणीकडे गेल्या होत्या, श्री. आबेग डोंगरात. इंजिन अकरा मिनिटे चालले. सोमवारी श्री. ग्वेर्डर दारात उभे : 'इंजिन, अकरा मिनिटे'.

त्या संध्याकाळी अर्जदाराने स्वयंपाकघरातील दिवा उघडून आत एखादे ऐकण्याचे यंत्र बसवले आहे का ते पाहिले. सौ. थोरसागर यांनी शिडी धरली. दिव्यात एक मेलेली माशी निघाली.

६. यंत्र नाही, शेजारी नाहीत, तेव्हा अर्जदाराने विचार केला की या तक्रारींतून फायदा कोणाचा होतो. पाचही वेळा गाडीपाशी येऊन बॉनेट उघडायला मिळाले ते एकाच माणसाला. संदर्भ क्र. १ चा अर्ज अर्जदाराने एका बैठकीत लिहिला आणि तो टपालात टाकताना अर्जदारास, खरे सांगायचे तर, समाधान वाटले.

७. आपले पत्र ५ मार्चला आले. अर्जदाराने ते सौ. थोरसागर यांना मोठ्याने वाचून दाखविले. त्यांनी कोट अजून काढला नव्हता. तशाच खुर्चीवर बसल्या. पुढील बोलणे त्यांच्या संमतीने येथे देत आहे.

"त्या बिचाऱ्याला खिडकीवर बसवलं?" त्या म्हणाल्या. "प्रेबेन, ते कागद मी टाकले होते. ग्रामपालिकेच्या पेटीत. शाळेत जाताना."

अर्जदाराने विचारले, "पाचही?"

"पहिला नाही. पहिला वरच्या बाईंचा. आणि त्यांनी तुला आधी तोंडावर सांगितलं होतं, जिन्यात, की रविवारी धुऊ नका. तू मान हलवलीस, हो म्हणालास आणि धूत राहिलास. त्यांनी मला स्वतः सांगितलं. त्यांना वाटतं तू फार उर्मट आहेस."

अर्जदारास तो प्रसंग आठवला. त्या हवेबद्दल बोलत आहेत, असा त्याचा समज झाला होता.

"मग बाकीचे का?"

त्यावर त्यांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "नोव्हेंबरात मी दुपारी लवकर आले होते," त्या म्हणाल्या. "गॅरेजमधून इंजिनचा आवाज येत होता. दार बंद होतं, प्रेबेन. धूर सगळा आतच."

"थंडी होती."

"मला कसं कळणार थंडी होती? सकाळी जाताना तू गाडीत बसलेला असायचास, संध्याकाळी येताना तिथेच. महिनाभर तू घरात फक्त 'मीठ दे' म्हणालास. मी दार उघडलं तर तू म्हणालास, काही नाही, बॅटरी चार्ज करतोय. मी कोणाला सांगणार होते? डॉक्टरांना सांगितलं असतं तर तू वर्षभर माझ्याशी बोलला नसतास. म्हटलं तक्रार करावी. तक्रार केली की निदान कोणीतरी येऊन दार उघडून बघतं."

अर्जदार येथे नमूद करतो की त्या दिवशी दार थंडीमुळेच बंद केले होते. बहुतेक थंडीमुळेच. याहून अधिक काही या अर्जात लिहिणे अर्जदारास जमत नाही.

"आणि पुढचे तीन?"

"तो पहिल्यांदा येऊन गेला, त्या रात्री जेवताना तू चाळीस मिनिटं बोललास. मी घड्याळ बघत होते. दुसऱ्यांदा आला तेव्हाही. मग तो आला नाही, आणि तू पुन्हा गप्प. तेव्हा मी सणाचा दिवस शोधून काढला."

अर्जदाराने विचारले की, दिवा उघडला तेव्हा का सांगितले नाही. त्या म्हणाल्या, "तू शिडीवर होतास. पडला असतास."

८. शनिवारी ९ मार्चला अर्जदार श्री. ग्वेर्डर यांच्या घरी गेला. चौकशी प्रलंबित असताना असे जाणे योग्य नाही, याची त्यास जाणीव आहे. श्री. ग्वेर्डर यांनी स्वतः दार उघडले. आपण काय लिहिले हे अर्जदाराने पाठ केलेल्या वाक्यांत सांगितले. मग हे सगळे सौ. थोरसागर यांनी केले, हे सांगू लागला. श्री. ग्वेर्डर यांनी त्याला मध्येच थांबविले.

"ठाऊक आहे मला, हेर (म्हणजे श्रीयुत) थोरसागर. जानेवारीपासून ठाऊक आहे. ते ऑइलचं."

त्यांनी समजावून सांगितले ते असे. जर्मनमध्ये ऑइलच्या शब्दातील पहिल्या अक्षरावर दोन टिंबे देतात. डेन्मार्कमध्ये टिंबे न देता त्याच अक्षराला तिरका छेद देतात. सौ. थोरसागर यांची जर्मन उत्तम आहे, परंतु घाईत हात आपल्या वळणावर गेला आणि छेद पडला. छेद पडला की तो शब्द डॅनिश होतो व त्याचा अर्थ होतो बिअर.

"माझी मेहुणी डेन्मार्कात, आरहूसला दिलेली आहे," श्री. ग्वेर्डर म्हणाले. "दर नाताळात ती पाठवते त्या बाटलीवर हा शब्द असतो. कागदावर लिहिलं होतं, हिरव्या गाडीखाली बिअर गळते आहे. हिंटरमोसमध्ये असं लिहिणारं दुसरं कोण असणार? मी ऑफिसात दार लावून हसलो."

अर्जदाराने विचारले, "मग तुम्ही कार्यालयात का नाही सांगितलंत? तुमच्यावर चौकशी बसली. एक कागद दाखवला असतात तर तुम्ही सुटला असतात."

"तक्रार करणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, असा नियम आहे," ते म्हणाले. "आणि नोव्हेंबरचा कागद मी वाचला होता. त्यात खाली एक ओळ होती. तुम्हाला दिलेल्या उताऱ्यात ती मी टाइप केली नाही."

ती ओळ काय होती हे अर्जदाराने विचारले. त्यांनी सांगितले. 'कृपया लवकर जा.'

मग श्री. ग्वेर्डर यांनी आत बोलावले, कॉफी केली, आणि हेर वगैरे पुरे, मला उएली म्हण, असे सांगितले. येथे नुसत्या नावाने हाक मारण्याची मुभा सहजी दिली जात नाही, हे अर्जदारास एवढ्या दिवसांत कळले आहे. अर्जदाराने आपले नाव सांगितले. त्यांना ते नीट म्हणता आले नाही.

९. परीक्षक या नात्याने अर्जदाराचे मत असे की, सव्वीस वर्षे माणसांकडे पाहणाऱ्या या अर्जदाराने या प्रकरणात पडदा पाहिला, झाडू पाहिला, दिवा पाहिला, आणि ज्यांच्याकडे पाहायचे त्यांच्याकडे पाहिले नाही. अशा उमेदवारास अर्जदाराने नापास केले असते.

१०. सबब विनंती की,

(अ) श्री. उएली ग्वेर्डर यांच्यावरील आरोप खोटा असल्याची नोंद करून २८ मार्चची चौकशी रद्द करावी व त्यांना फिरतीच्या कामावर पूर्ववत घ्यावे. चौकशी ठेवायचीच असल्यास ती अर्जदाराची ठेवावी. अर्जदार हजर राहील.

(आ) सौ. वीबेके थोरसागर यांच्या तक्रारी निनावी असल्या तरी त्यांतील प्रत्येक शब्द खरा होता, एक बिअरचा सोडून. त्यांच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये.

(इ) फ्राउ बेचार्ट यांची क्षमा अर्जदार स्वतः मागेल. त्यासाठी कार्यालयाने तसदी घेऊ नये. त्यांच्याशी बोलायची वाक्ये अर्जदाराने सौ. थोरसागर यांच्याकडून लिहून घेतली आहेत.

११. एक अडचण उरते. श्री. ग्वेर्डर यांनी सांगितले की, कर्मचाऱ्यास कामाच्या वेळेत एखाद्या घरी जायचे तर त्या घराविरुद्ध तक्रार असावी लागते, आणि सुट्टीच्या दिवशी ते घरच्या गायींच्या कामात अडकलेले असतात. ही अडचण नियमात राहून सुटावी म्हणून अर्जदार पुढील तक्रार याच अर्जाद्वारे, स्वतःच्या नावाने, दाखल करीत आहे :

रविवार, दि. १० मार्च २०१९ रोजी सकाळी १०.४० ते ११.२५ या वेळेत, मोसगासे ९ समोर, गडद हिरव्या रंगाची १९६६ सालची गाडी धुण्यात आली. मनाई आहे हे धुणाऱ्यास पूर्ण ठाऊक होते. पाण्याची नळी सौ. वीबेके थोरसागर यांनी धरली होती. फ्राउ बेचार्ट यांनी खिडकीतून सर्व पाहिले आहे व साक्ष देण्यास तयार असल्याचे सौ. थोरसागर यांना सांगितले आहे.

चौकशीसाठी कर्मचारी लवकरात लवकर पाठवावा. गॅरेजचे दार उघडे असेल.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

(सही)
प्रेबेन थोरसागर

वरील मजकूर मला मान्य आहे. नळी मीच धरली होती.

(सही)
वीबेके थोरसागर

हिंटरमोस, दि. १२ मार्च २०१९