गिऱ्हाईक आत, मालक बाहेर

३ मार्च
वही उशाशी पडून आहे आणि मी रोज तिच्याकडे पाठ करून झोपतोय. कबूल — टाळत होतो. लिहायला बसलं की काय काय अर्धवट सोडलं त्याचीच जंत्री निघते.

खाली मावशीचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर एक खोली, तिथे मी. तिची अट एकच — दुकानाची वेबसाइट चालू कर, मग खोली तुझी. "आयुष्यात एक काम तरी टोकाला ने रे!"

४ मार्च
मशीन भाड्याने घेतलं. म्हणजे कुठल्या तरी दूरच्या गावात, थंडगार खोलीत एक लिनक्सचा कॉम्प्युटर. मी इथून काळ्या पडद्यावर हुकूम सोडतो, तो तिथे पाळतो. माझे हुकूम! इथे मांजरसुद्धा ऐकत नाही माझं.

वेब सर्व्हर बसवला. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला — चार आकडे, मधे टिंबं — आणि पान उघडलं! धावत खाली गेलो. मावशीने डोळ्यावरचं भिंगही काढलं नाही. "चालतंय? मग एवढा घाम कसला?"

५ मार्च
पान ओकंबोकं दिसत होतं म्हणून तात्पुरतं खरडलं — "इथे घड्याळं दुरुस्त होतात. मालकीणबाई रोज दोन कप चहा करतात. दुसरा कुणासाठी, ते विचारायचं नाही."

गंमत आपली! पण खोटी नाही. दुसरा कप लंबकाचा. लंबक म्हणजे मावशीचा जुना भागीदार. उंच, आणि इकडे की तिकडे कधीच न ठरणारा, म्हणून तिनेच ठेवलेलं नाव. बॅटरीची घड्याळं विकायची की नाही यावरून दोघं भांडले, तो रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला दुकान थाटून बसला. कप मात्र रोज भरतो, गार होतो, मोरीत जातो.

उद्या मजकूर बदलतो.

६ मार्च
नाही बदलला. पुलाखाली एकजण करवतीवर सूर काढत होता. ऐकत बसलो.

७ मार्च
मेलो! मजकुराआधी म्हटलं फायरवॉल लावू — मशीनचा राखणदार. त्याला बजावलं, वेबसाइट बघायला येतील त्यांना सोड, बाकी कुणालाही नाही. काय चोख गडी! मलाच सोडत नाही. मी हुकूम द्यायला ज्या दाराने जातो ते वेगळं, आणि ते उघडं ठेव म्हणायचं राहिलं.

मावशीला हसू आवरेना. "म्हणजे दुकान उघडं, गिऱ्हाईक आत आणि मालक बाहेर! शाब्बास!"

आता एकच उपाय सुचतोय — भाड्याने देणाऱ्यांच्या साइटवरून मशीन पुसायचं, पुन्हा पहिल्यापासून. पानावर काय लिहिलंय ते मी बोललो नाही. तिने मात्र दाराच्या काचेवर तो आकड्यांचा पत्ता रंगवूनही टाकला, केवढा थोरला! काही लोक तर फोन नंबर समजून लावून बघतात.

८ मार्च
पुसणार होतो. जेवलो, झोप लागली.

९ मार्च
शाळेतल्या बाई घड्याळ न्यायला आल्या. "दुसरा कप आम्हाला द्या की!" "कुठला दुसरा कप?" मावशीने विचारलं. मग बाईंनी फोन काढून वाचून दाखवलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. बाई गेल्यावर हळूच म्हणाली, "त्याच्या कानावर गेलं तर मी या रस्त्याने चालायचं कसं?" आणि मग, "सकाळी पुसलेलं पाहिजे. नाहीतर पिशवी भर."

संध्याकाळी तिने एकच कप चहा केला.

१० मार्च
सकाळीच बसलो. पुसायच्या बटणावर बोट होतं. खाली दाराची घंटी वाजली. मग जिन्याखालून मावशी — "ए! पुसू नकोस रे काही!"

डोकावलो. लंबक आलाय! एक पाय आत, एक बाहेर — आणि हातात रिकामा कप.