पहिल्या घासाआधी

प्रिय आईस, तुझ्या थोरलीचा प्रभूमध्ये सलाम.

मी बरी आहे. लाँड्रीत चादरींना इस्त्री करते, हातावरचा फोड सुकत आलाय. बाबांचा खोकला कसा आहे?

आपल्या घरची रीत इथेही पाळते. देवाची आजची एक कृपा मोठ्याने सांगायची, मगच पहिला घास. कालची आज चालत नाही, हेही विसरले नाही.

पण आई, आज एकही सुचेना. ताटावर बसून नुसती रडतेय. देवाची माया आहे ना गं अजून माझ्यावर?

आमच्या कामगारांच्या खोलीत शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या बाईला माझी भाषा कळत नाही. तिने दोनदा माझं ताट गरम करून आणलं. स्वतः न जेवता समोर बसून राहिलीय.

आई, आजची कृपा म्हणून ही चालेल का गं? तुझं उत्तर येईपर्यंत चालेल असं धरून जेवते.

तुझीच,
थोरली