कटनंतरचं हसू

४ मार्च
आमच्या सुपरहिरो सिनेमाचा पाचवा भाग आज प्रदर्शनाआधी बाहेरच्या प्रेक्षकांना दाखवला. आधीचे चार हिरोचे, म्हणजे थोरल्याचे. हा पहिल्यांदाच त्याच्या बहिणीचा — एडिटिंगच्या खोलीत आम्ही तिला धाकटी म्हणतो. हा लोकांना आवडला तरच पुढचा भाग तिला मिळणार. उडते ट्रक तिनं हवेत झेलले तेव्हा टाळ्या पडल्या. मग दिवे लागले आणि एकेकाला कंठ फुटला. "बाकी झकास, पण ही हसत का नाही?" शेजारच्या बाई म्हणाल्या, "जरा आगाऊच वाटते."

थोरला चार भागांत एकदा तरी हसलाय? चारही मीच कापलेत. त्याच्या त्या ठोकळ्या चेहऱ्यावर हेच लोक शिट्ट्या मारतात.

५ मार्च
निर्माते — "एखादं हसू टाक ना कुठेतरी." चहात साखर कमी पडल्यासारखं.

७ मार्च
कालपासून सगळं कच्चं शूटिंग उपसतेय. हसू नाहीच. बिचारीनं मान मोडून काम केलंय, दात काढायला सवड कुठली! संध्याकाळी घरी सासूबाई, "चेहरा का असा? ऑफिसातही अशीच बसतेस?" मी भांडी जरा जोरात ठेवली.

१० मार्च
सापडलं. दिग्दर्शक "कट" म्हणाला तरी कॅमेरा क्षणभर चालूच होता. तिची लाथ स्टंटवाल्याला खरंच लागली होती. तो कळवळला आणि ती हसली — चूक झाल्यावर आपण हसतो ना, तसं ओशाळं. तेच उचललं आणि शेवटच्या लढाईनंतर चिकटवलं. बघणाऱ्याला कळणार नाही. मला मात्र चैन पडेना. दोनदा काढलं, पुन्हा लावलं. पुढच्या भागातून ती उडवली जाऊ नये, एवढंच.

१४ मार्च
नव्या प्रेक्षकांना दाखवला. "शहर जळतंय आणि ही हसते काय? गांभीर्यच नाही." मी मागच्या रांगेत ओठ चावत बसले. संताप संताप झाला.

१५ मार्च
मीटिंग. पुढचा भाग परत थोरल्याचा. "लोकांना ती पटली नाही. तुझं काय मत?" सगळे माझ्याकडे वळले. तिच्या बाजूनं काय बोलायचं ते रात्रीच ठरवून ठेवलं होतं.

"चालेल की," म्हटलं.

समोरचा मॉनिटर बंद होता. काचेत माझा चेहरा दिसला. मी हसत होते — तिच्यासारखीच, स्टंटवाल्याला लागल्यावर हसली होती तशी.