तीन मापांचं दुःख

आई,

सोमवारी ऑफिसात सगळ्यांसमोर मी तुझा आवाज काढून टाकायला हो म्हटलं. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "कुठून काढला?" आणि मग, "कुणाच्या ताटात पडला होता तो?" म्हणून सगळं नीट, पहिल्यापासून सांगते. घाईत सांगितलेलं तुला कधी पटलं नाही. घरात सांगून बघितलं, तर तुझा जावई म्हणाला, "अगं, नोकरी आहे ती," आणि पंखा पुसायला स्टुलावर चढला.

काम माझं अजून तेच आहे. सिनेमावाले, मालिकावाले, जाहिरातवाले यांना दर वेळी नवं संगीत करून घ्यायला सवड नसते. त्यांच्यासाठी आम्ही तयार तुकडे ठेवतो. आनंदाचे, भीतीचे, सकाळचे, लग्नाचे. ज्याला जो हवा त्याने त्याचा परवाना घ्यायचा आणि आपल्या चित्राखाली लावायचा. तुकडा आमच्याकडेच राहतो, आज एकाला, उद्या दुसऱ्याला. मी नोकरीला लागले तेव्हा तुला हे समजावत होते आणि तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "म्हणजे मंडपवालेच की तुम्ही. त्याच खुर्च्या लग्नाला, त्याच तेराव्याला." इतकी वर्षं झाली, नव्या माणसाला काम शिकवताना मी हेच वाक्य वापरते. कुणाचं आहे ते मात्र सांगत नाही.

तुझी कोरसची कामं बंद पडली तो काळ मला आठवतो. सिंथेसायझर आला आणि मागे उभ्या राहून गाणाऱ्या बायकांची वाट लागली. तुझ्या बरोबरीच्या कुणी शिकवण्या धरल्या, कुणी गाणंच सोडलं. तू अंधेरीचा तो स्टुडिओ धरलास. तुम्ही त्याला "स्टॉक" म्हणायचात, स्टॉकला जायचंय, स्टॉकचं काम आहे. शाळेला सुट्टी असली की तू मला बरोबर न्यायचीस. मुलुंडहून दोन बस बदलून आपण जातो. तू खिडकीशी बसतेस, तोंडात ज्येष्ठमधाची काडी धरतेस आणि मी काही विचारलं तर नुसती मान हलवतेस, कारण घसा राखायचा असतो. स्टुडिओच्या भिंतींना सतरंज्या ठोकलेल्या. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, एसी बंद. मालक काचेपलीकडून हाक देतात, "ताई, आज तीन दुःखं, एक लग्न, एक बारसं!"

तीन दुःखं म्हणजे एकाच दुःखाची तीन मापं. अर्ध्या मिनिटाचं जाहिरातीसाठी, एका मिनिटाचं मालिकेसाठी, आणि पूर्ण, ज्याला जेवढं लागेल तेवढं त्याने कापून घ्यावं. तुम्ही त्यांना छोटं, मधलं आणि पूर्ण म्हणायचात. शब्द नसायचे, नुसता आकार. तू चपला बाहेर काढून आत जायचीस, कानाला हेडफोन एकाच बाजूने लावायचीस आणि डोळे उघडे ठेवून गायचीस. मध्ये मध्ये थांबायचीस. मला वाटायचं दम लागतो. तू सांगितलंस, "चित्रातली माणसं बोलणार असतात ना, त्यांना जागा नको?" ती माणसं अजून कुणी लिहिलेलीसुद्धा नसायची, आणि तू त्यांच्यासाठी सरकून बसायचीस. ते पूर्ण दुःख तू म्हटलंस त्या दुपारी काचेपलीकडे मालकांनी चष्मा काढून डोळे पुसले. परतीच्या बसमध्ये मी तुला विचारलं, "गाताना तुझ्या मनात काय चाललेलं?" तू म्हणालीस, "पाच वाजता पाणी येतं. तुझे बाबा नळ उघडा ठेवून झोपतील, दुसरं काय." घरी पोचलो तर पाणी उंबऱ्याबाहेर आलेलं आणि बाबा घोरत होते.

पुढे त्या आलापाने किती माणसं मारली, आई! सासरे गेले, मुंबईला निघालेला धाकटा मुलगा गेला, एकदा एक घोडासुद्धा गेला. टीव्हीवर तुझा आलाप सुरू झाला की तू स्वयंपाकघरातून तुझ्या मालवणीत विचारायचीस, "कोण गेलो गो?" आम्ही नाव सांगायचो. तू म्हणायचीस, "जांवदे, लय छळल्यान सुनेक," आणि फोडणीत मोहरी टाकायचीस. बाबा हसून हसून बेजार व्हायचे.

एकदा मात्र मी तुझा ओरडा खाल्ला. शेजारच्या काकूंकडे रंगीत टीव्ही आला होता आणि मजल्यावरच्या सगळ्या बायका तिथे जमल्या होत्या. मालिकेत आजी गेली, तुझा आवाज सुरू झाला, बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि मी मध्येच उठून ओरडले, "ही माझी आई गातेय!" सगळ्या माझ्याकडे वळल्या, कुणी हसलं, कुणी "काय सांगतेस!" म्हणालं. तू मला दंडाला धरून गॅलरीत आणलंस. मला वाटलं, शाबासकी मिळणार. "त्या बायका चांगल्या रडत होत्या," तू म्हणालीस. "दिवसभर त्यांना घरात रडायला मिळत नाही. त्यांचं रडणं मोडलंस तू." तू आवाज चढवला नव्हतास, म्हणूनच मला जास्त लागलं. तुझं नाव कुठेच येत नाही याचा मला राग होता आणि तुला त्याचं काहीच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही पुरतं कळलंय असं नाही.

पार्ल्याचं कॉलेज संपल्यावर मी त्याच मालकांकडे नोकरीला लागले. तू तुझी राखाडी शाल माझ्या पिशवीत कोंबलीस. "एसीत बसवतील तुला. नाक गळायला लागलं की कान बंद होतात, आणि कानाचंच काम आहे." तीच शाल अजून माझ्या खुर्चीच्या पाठीवर आहे, तिला दोन ठिकाणी रफू केलंय. फोनवर गिऱ्हाइकं कशी बोलतात ते संध्याकाळी मी तुला करून दाखवायचे. "मॅडम, दुःख द्या, पण फार नको, विम्याची जाहिरात आहे." तू भाजी चिरता चिरता म्हणायचीस, "मग मधलं दे." एका आठवड्यात दोन वेगवेगळ्या चॅनलवाल्यांनी तुझं पूर्ण दुःख लावलं. दोन्हीकडचे निर्माते माझ्यावर ओरडले, की आमचा म्हातारा आणि त्यांचा म्हातारा एकाच सुरात कसा मेला. मी रडकुंडीला येऊन घरी आले, आणि तू खूश! "एका आठवड्यात दोन घरी बोलावणं? झकास की!"

मग बाबा गेले. तू रडली नाहीस. आलेल्यांना चहा केलास, मामाला स्मशानाचा रस्ता समजावलास, बाबांचे कपडे धुऊन वाळत घातलेस. मला तुझा राग आला होता. जगभर रडून आलेली ही बाई घरच्या माणसासाठी एक टिपूस काढत नाही, असं मनात आलं. महिना झाला असेल, दुपारी टीव्ही चालू होता. एका मालिकेत कुणाचा तरी नवरा गेला आणि तुझा आलाप लागला. तू लाटणं हातात घेऊन दारात आलीस. कोण गेलं ते विचारलं नाहीस. शेवटपर्यंत ऐकलंस. "शेवटी जरा लांबवलंय मी," म्हणालीस आणि आत गेलीस. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू होता, आणि धुवायला तर भांडं नव्हतं. मी आत यायला हवं होतं की नको, हे मी अजून ठरवू शकलेली नाही.

आता सोमवारचं. आमची कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली. नवी मॅनेजर माझ्या लेकीच्या वयाची आहे, हुशार, मनाने चांगली. ती म्हणाली, "मॅम, जुन्या टेपवरून घेतलेलं सगळं काढायचंय ना. खरखर येते त्यात, क्लायंट वैतागतात यार. त्याच जागी नवीन गाऊन घेतलंय आपण. बायकांचे आलाप तुमच्याकडे आहेत, तुम्ही ऐकून सांगा." मीटिंगच्या खोलीत मोठ्या पडद्यावर तिने एक प्रसंग लावला. हॉस्पिटलातला पलंग, म्हातारा, पायाशी उभा मुलगा. आधी नवी मुलगी, मग तू.

नव्या मुलीने वाईट गावं असं मला फार वाटत होतं. देवाला तसं सांगितलंसुद्धा, खोटं कशाला बोलू. पण पोरगी चांगली गायली. जागा सोडत, दबून, कुठे मिरवली नाही. मला तो म्हातारा दिसला, त्याचा हात चादरीवर कसा पडलाय ते दिसलं, मुलगा पुढे व्हायला घाबरतोय तेही दिसलं. मग तुझा आवाज लागला आणि पडद्यावर काय चाललंय ते मला दिसेचना. सतरंज्या दिसल्या, बस दिसली, उंबऱ्याबाहेर आलेलं पाणी दिसलं. म्हातारा गेला कधी, ते मला कळलंच नाही.

"जुनीमध्ये काहीतरी आहे पण," मॅनेजर म्हणाली. "कोण आहे ही? नावच नाही कुठे."

"असेल कुणीतरी कोरसवाली," मी म्हटलं.

तुला मी ओळख दिली नाही, आई. पण खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. ती पोर लगेच विरघळली असती. तुला ठेवून घेतलं असतं, तुझा फोटो मागितला असता, कंपनीच्या पानावर लावून खाली चार गोड ओळी लिहिल्या असत्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तू भिडेखातर राहिली असतीस. भिडेखातर तू कुणाकडे हळदीकुंकवालाही गेली नाहीस. आणि निवाडा करायला त्या खोलीत सगळ्यांत नालायक माणूस मीच होते, कारण सगळ्यांना म्हातारा दिसत होता आणि मला तू. म्हणून मी म्हटलं, "नवीन घ्या. खरखर आहे जुन्यात." तिने लगेच लिहून घेतलं आणि पुढचा तुकडा लावला.

ज्यांनी आधी परवाना घेतलाय त्यांच्याकडे तू राहशील. दुपारी जुन्या मालिका पुन्हा लागतात, त्यांत तू आहेसच. पण तुझ्या आवाजात आता नवीन कुणी मरणार नाही. घरी येऊन भात लावला तेव्हा हे माझ्या नीट लक्षात आलं.

काढून टाकायच्या आधी मी एक केलं. माझ्या नावाने, बाहेरच्या गिऱ्हाइकासारखा, तुझ्या पूर्ण दुःखाचा परवाना घ्यायला बसले. कॉम्प्युटर विचारतो, कशासाठी वापरणार. सिनेमा, मालिका, जाहिरात, इतर व्हिडिओ. नुसतं ऐकायला, असा पर्यायच नाही. आयुष्यभर मीच लोकांना फोनवर सांगत आले, की साहेब, चित्राशिवाय आम्ही देत नाही. आता मलाच चित्र शोधायची वेळ आली. मी "इतर व्हिडिओ" निवडलं आणि जुना फोन चार्जिंगला लावला. त्यात तुझा एकच व्हिडिओ आहे. फोन नवीन होता तेव्हा सहज काढलेला. तू खाली बसून कोथिंबीर निवडतेस, मागे मिक्सर चालू आहे, त्यामुळे तू काय बोलतेस ते काही ऐकू येत नाही. लेकीने व्हिडिओतला सगळा आवाज काढून त्याखाली तुझा आलाप लावून दिला आणि ती कामाला गेली.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. तू असतीस तरी पाठवलं नसतं, समोर बसून सांगितलं असतं, आणि दुसऱ्याच वाक्याला तू गॅस बारीक करायला उठली असतीस. एवढंच सांगायचं राहिलंय, की रविवारी दुपारी घरात कुणी नसताना मी तो व्हिडिओ लावला. तुझा आवाज एकदा पोटभर ऐकायचा, म्हणून दार लावून, हेडफोन घालून बसले होते. तू मान वर करून कोथिंबिरीची जुडी माझ्याकडे रोखतेस आणि काहीतरी म्हणतेस. फोन ठेव म्हणतेस की जेवायला बस म्हणतेस, ते ओळखायला मी तुझ्या ओठांकडे बघत राहिले. पुन्हा लावलं, पुन्हा बघितलं. आवाज मी ऐकलाच नाही, आई.