ओट्याचा दगड आला

आप्पा,

ओट्याचा दगड मागच्या सोमवारी आला आणि गुरुवारी बसला. काळा ग्रॅनाइट, दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद, अशी एक फळी: चार हजार दोनशे. टेम्पो आणि चार माणसं: अडीच हजार, कारण दगड लिफ्टमध्ये मावला नाही, तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यानं आणावा लागला. कापणं, पुढची कड गोल करणं आणि बसवणं: सहा हजार. सिंकचं भोक वेगळं: सहाशे. हळद, कुंकू, नारळ आणि दूध घरखर्चात धरलं आहे. हे सगळं तुम्हाला लिहायचं कारण एवढंच, की या घरात दगडाचं कौतुक ज्याच्यापाशी करावं असं दुसरं माणूस नाही.

आमच्या इथल्या, बेंगळूरच्या जे. पी. नगरातल्या घरातला ओटा बिल्डरनं बसवलेला, कडप्प्याचा. त्याच्या कडांचे टवके उडाले होते आणि सिंकपाशी तो पार पांढरट पडला होता. यंदा मुलानं स्वयंपाकघर नवं करायचं काढलं आणि म्हणाला, "आई, ओटा तुझा. तू म्हणशील तो दगड. फक्त पुन्हा बदलायला लागू नये." आप्पा, चौतीस वर्षं या घराचा जमाखर्च मी लिहिते, पण काय घ्यायचं ते ठरवते असं नाही. ठरवतात दुसरे, मी लिहिते. त्यामुळे बरं वाटलं आणि धास्तीही बसली. भाजी बिघडली तर दुसऱ्या दिवशी नवी करता येते. पाथरवटाच्या लेकीनं ओट्याचा दगड चुकीचा घेतला तर तो रोज डोळ्यांसमोर राहणार, आणि त्यात तुमचंही नाव जाणार.

सुनेला पांढरा क्वार्ट्झ हवा होता. ती नागपूरची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आहे. पोर मनानं सरळ आहे, पण तिला सगळं पांढरं आवडतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून तळहाताएवढे तीन तुकडे नमुन्याला आणले, एक क्वार्ट्झ, एक संगमरवर, एक काळा ग्रॅनाइट. "किती छान दिसून राहिलं न, आई, एकदम हॉटेलसारखं," ती पांढऱ्यावर हात फिरवत म्हणाली. मी म्हटलं, दिसतंय खरं, पण आपल्याला त्यावर स्वयंपाक करायचा आहे. मग तिन्ही तुकड्यांवर तेलात कालवलेली हळद लावली, शेजारी लिंबाची फोड पालथी घातली, आणि फोडणी करून उतरवलेली कढई प्रत्येकावर पाच-पाच मिनिटं टेकवली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सून अंघोळीआधी तासभर घासत बसली. संगमरवराची लिंबाखालची चकाकी गेली ती गेलीच. क्वार्ट्झवर हळदीची पिवळी सावली राहिली आणि कढईचं एक मळकट वर्तुळ. काळा तुकडा मात्र पुसला आणि झाला. "आई, तुम्ही तर यांची परीक्षाच घेतली," ती म्हणाली. मी म्हटलं, मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण एवढी परीक्षा घ्यायला तेवढं पुरतं. ती हसली, पण तिचा चेहरा उतरला होता. काळ्यानं स्वयंपाकघर अंधारं दिसेल, ही तिची भीती. भिंतीच्या फरशा मी तिला पांढऱ्या घेऊ दिल्या.

दगड काळा ठरला, पण ठरला म्हणजे मिळाला असं नाही. हे तुमच्याइतकं कुणाला माहीत? मला अजून डोळ्यांसमोर दिसतं, मी दहा वर्षांची आहे. घरामागच्या पत्र्याखाली तुम्ही मांडी घालून बसला आहात, केसांवर, भुवयांवर दगडाची भुकटी. नव्या दगडाला आधी हळदीचं बोट लावता, हात जोडता, मग हातोडी उचलता. मी दुसरी हातोडी घेऊन शेजारच्या दगडावर दणका घालते. तुम्ही माझं मनगट धरता. "मारू नगं, वाजव," म्हणता. मग हलक्या हातानं तुम्ही स्वतः वाजवून दाखवता, इथं टण्, इथं टण्, आणि इथं आवाज बसका. त्या जागी तांब्यातलं पाणी ओतता आणि आपण दोघं नुसते बघत बसतो. उन्हात सगळा दगड वाळतो, फक्त केसासारखी एक रेघ ओली राहते. ती चीर. मी म्हणते, मग हा टाकायचा ना आता? तुम्ही माझ्याकडे असं बघता, जणू मी घरातल्या माणसाला बाहेर काढायला सांगितलं. "टाकायचा कशाला? भोक कुठं घ्यायचं ते बघ." त्या दगडाचं तुम्ही जातं केलंत आणि चीर नेमकी मधल्या भोकात गेली. लग्नात तुम्ही मला पाटा-वरवंटा केलात तो मात्र अशा दगडाचा, की कुठंही वाजवावा, घंटेसारखा बोलायचा. तो बसमधून पायाशी ठेवून तुम्ही स्वतः बेंगळूरला आणून दिलात.

होसकोटेच्या पुढे दगडांचे मोठे कारखाने आहेत, तिथं मी सुनेला घेऊन गेले. तिनं ऑफिसातून अर्धी रजा काढली होती. मालक पन्नाशीचा, गंधाचा टिळा लावलेला माणूस, बोलायला गोड. "नोडी अम्मा," म्हणाला, म्हणजे बघा, "फुल ब्लॅक. पाहिजे तर भिंग घेऊन शोधा, डाग सापडणार नाही." फळ्या लोखंडी घोड्यांवर टेकवून उभ्या होत्या, आरशासारख्या, आणि सुनेनं पहिल्याच फळीपुढे केस नीट केले. मी पर्समधून कुलपाची किल्ली काढली आणि वाजवत निघाले. दोन फळ्या मला आवडल्या नाहीत. तिसरीचा रंग बघून मन बसलं, काळ्यात बारीक चंदेरी दाणा होता. वाजवली. टण्, टण्, आणि डाव्या टोकापासून दोन फुटांवर, बरोबर मधोमध, आवाज बसला.

सून म्हणाली, "काय झालं, आई?" मी तिची पाण्याची बाटली मागून घेतली, पदराचं टोक भिजवलं आणि तेवढ्या जागेवर फिरवलं. मग थांबलो. अकराचं ऊन होतं. मालक आधी हसला, मग जवळ आला, मग त्यानं खिशातून चष्मा काढला. सगळं पाणी उडालं आणि वीतभर रेघ राहिली. "अय्यो," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "सरी अम्मा, ठीक आहे, ही बाजूला काढतो, तुकडे करून विकावी लागणार. दुसरी दाखवतो." मी म्हटलं, दुसरी नको, हीच द्या, पण तुकड्यांच्या भावानं द्या. त्याला वाटलं उन्हानं माझं डोकं फिरलं. मी वही उघडून दाखवली. ओटा नऊ फूट. सिंक उजव्या टोकाला, खिडकीखाली. फळी फिरवली की डावं उजवीकडे येतं, आणि सिंकचं भोक पावणेदोन फुटांचं. चीर जाते भोकात, मागे राहतो सलग दगड. त्यानं टेपनं स्वतः मोजलं, दोनदा. "तीस वर्षं या धंद्यात आहे, अम्मा. हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

मी कानडीतच सांगितलं, माझे वडील पाथरवट होते, जाती-पाटे करायचे. आप्पा, हे सांगताना माझा आवाज कारखान्यातल्या करवतीच्या वर गेला होता. त्यानं चहा मागवला, मला खुर्ची दिली आणि भाव तुकड्यांचाच लावला. चहा पिता पिता विचारलं, वडील असतात कुठं. मी म्हटलं, जाऊन बावीस वर्षं झाली. तो म्हणाला, असते तर त्यांना इथं या खुर्चीवर बसवून ठेवलं असतं.

कापण्याआधी खाली पार्किंगमध्ये मी दगडाला हळदीचं बोट लावलं. कारागीर मशीन हातात धरून गुमान थांबला. दगड बसल्यावर शुक्रवारी सकाळी ओट्यावर पहिलं दूध उतू घातलं, इथली पद्धत आहे ती. उतू गेलेलं दूध काळ्यावर असं पांढरंशुभ्र पसरलं, की सून म्हणाली, "आई, पांढरं यावरच जास्त खुलून राहिलं." आता ती येता-जाता सगळं वाजवून बघते, लिफ्टची फरशी, बँकेचं काउंटर, परवा तर ऑफिसातल्या साहेबाचं टेबल. मैत्रिणीला फोनवर सांगत होती, आमच्या आईंना दगडातलं सगळं समजतं, त्यांच्या वडिलांचंच ते काम होतं. मी आत पोळ्या लाटत होते, लाटणं थांबवून ऐकलं.

भोकाचा कापलेला तुकडा कारागीर टाकायला निघाला होता, तो मी ठेवून घेतला. गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली आहे. सकाळी पाणी घातलं की बाकी दगड पाहता पाहता वाळतो, तेवढी एक रेघ ओली राहते. तिच्याकडे बघत मी जप करते आणि माळ चुकते.

म्हणून हे एक सांगून टाकते. तुमचं प्रत्येक पत्र एकाच वाक्यानं संपायचं, तिसरीपर्यंत शिकलेल्या त्या मोठ्या मोठ्या अक्षरांत: पाटा गुळगुळीत झाला असेल, छिन्नीनं टाकी लावून खरबरीत करायला येतो, उलट टपाली कळव. आणि मी दर वेळी लिहायचे, अजून खरबरीत आहे, रोज त्यावरच चटणी वाटते, तुम्ही एवढ्या लांब त्रास घेऊ नका. आप्पा, पाटा नव्हताच. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पहिली भाड्याची खोली सोडली, तेव्हा हातगाडीवाला त्याचे वीस रुपये जास्त मागत होता, म्हणून मी तो घरमालकिणीच्या नळाखाली ठेवून आले. कपडे आपटायला होईल म्हणाली. वीस रुपये वाचले म्हणून त्या दिवशी मी खूश होते. तुम्ही अकरा वर्षं विचारत राहिलात, आणि येऊन बघाल म्हणून मी तुम्हाला येऊ दिलं नाही.

हे हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर लिहिते आहे, ती पानं फाडायची नाहीत. ग्रॅनाइटला टाकी लागत नाही. तरी तुमच्या हातानं एकदा वाजवून घ्यायला हवा. किल्लीनं वाजवलेलं मी खरं धरत नाही. आता लिफ्ट आहे, जिना चढावा लागणार नाही. कधी येताय ते उलट टपाली कळवा.